बिनमुळीची

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! ताईने दारातच कान धरून आत ओढलं आणि म्हणाली, ताडासारखा वाढलास, पण मान अजून चिमणीचीच आहे. भाऊजी मागे उभे राहून हसत होते. त्यांचा पंजा म्हणजे फावडं. खांद्यावर कौतुकाची थाप बसली तर मी ट्रंकेसकट खाली बसलो. वखारीतला मोठा आरा तेच चालवतात. ही नोकरी मला त्यांच्याच शब्दावर मिळाली. नववीत शाळा सुटल्यापासून मी आधी दुकानात, मग छापखान्यात आणि पुन्हा दुकानात होतो. कुठेच टिकलो नाही. तक्रार सगळीकडे एकच, की हा एकेक काम चारदा तपासतो, तोवर गिऱ्हाईक म्हातारं होतं. भाऊजींनी मालकांना नेमकं तेच सांगितलं म्हणे, की माझा मेहुणा चारदा तपासतो. मालक म्हणाले, मग असाच माणूस पाहिजे.

माडीवरची खोली मला दिली आहे. घर वखारीच्या आवारातच, त्यामुळे खिडकीतून अख्खं आवार दिसतं. ओंडक्यांचे ढीग, आऱ्याची शेड, भट्टीचं धुराडं आणि पलीकडे मोठं फाटक. ओल्या लाकडाचा वास घरभर आहे. मला तो आवडला. ताई म्हणाली, आठ दिवसांनी विचारते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मालकांनी स्वतः काम शिकवलं. विसरू नये म्हणून नीट लिहून ठेवतो.

ओलसर दिवसांत ओंडक्यांवर एक बुरशी येते. रंग अंड्याच्या बलकासारखा, कधी नारिंगीकडे झुकणारा. हाताला थंड आणि लिबलिबीत. लहान असताना थेंबासारखी दिसते, मोठी झाली की तिला घड्या पडतात आणि ती मेंदूसारखी दिसू लागते. कामगार तिला नुसतं ‘पिवळी’ म्हणतात. पण पिवळ्या दोन असतात, आणि कोणती कोणती हे सांगणं हेच माझं काम.

पहिली मुळीची. ती देवदारासारख्या लाकडावर येते. चाकूच्या टोकाने उचलली की खाली पांढरं, चिवट मूळ दिसतं, लाकडात रुतलेलं. ही लाकूडच खाते. ओंडका वरून कितीही ठणठणीत असो, आतून भुसभुशीत झालेला असतो. तो भट्टीत जातो.

दुसरी बिनमुळीची. ती रुंद पानांच्या झाडांच्या लाकडावर येते. ती लाकडाला तोंडही लावत नाही. सालीवर राखाडी रंगाची पातळ साय धरलेली असते, ती वेगळी बुरशी, लाकूड खाणारी. पिवळी त्या सायीला खाते. म्हणजे खाणाऱ्याला खाणारी. उचलली की अलगद सुटते, खाली मूळबीळ काही नाही. असा ओंडका खरवडून आऱ्यावर चढवायचा.

वाळल्यावर दोघी सारख्याच दिसतात, सुकलेल्या डिंकाच्या खपल्या. तेव्हा पाणी शिंपडून थांबायचं. फुगून परत जिवंत झाली की मग उचलायची. मालक म्हणाले, पहिला प्रश्न लाकूड कोणतं, दुसरा प्रश्न मूळ आहे का, आणि घाई करायची नाही. मी म्हणालो, घाई माझ्या रक्तातच नाही. ते हसले. फार दिवसांनी माझ्या बोलण्यावर कुणी चांगल्या मनाने हसलं.

१० नोव्हेंबर, रविवार

माणसं चांगली आहेत. मुकादम तोंडाचा फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही. आऱ्यावरचा ढोल्या जेवायला बसला की बाकीचे डबे लपवतात. शिट्टी नावाप्रमाणे दिवसभर शिट्टी वाजवतो आणि आरा बंद पडला तरी त्याला कळत नाही. मला सगळे पारखी म्हणतात. आले पारखी, उठा रे, नाहीतर तुम्हालाही पाणी शिंपडून बघतील.

इथली एक रीत आज पाहिली. ढोल्याचं बोट पात्यावर कापलं, बऱ्यापैकी खोल. त्याने शिवी हासडली, सरळ ढिगाकडे गेला, एका ओंडक्यावरची पिवळी चिमटीने उपटली आणि जखमेवर दाबून वर चिंधी बांधली. सगळे असंच करतात म्हणे. गार वाटतं, आग थांबते. भाऊजींच्या हातावर अशा जुन्या खुणा मोजाव्यात तेवढ्या कमीच.

चहाच्या वेळी मी त्यांना दोन पिवळ्यांमधला फरक समजावून सांगितला. सगळे कान देऊन ऐकत होते. मलाही जरा चढलं. बिनमुळीची ही लाकूड खाणाऱ्याला खाते, असं मी म्हणालो तेव्हा मुकादमाने विडी विझवली आणि विचारलं, का रे पारखी, मग आम्ही काय गवत खातो? जन्मभर लाकूडच खात आलो की. अंगात रक्त कमी आणि भुसा जास्त आहे आमच्या. हसून हसून ढोल्याला ठसका लागला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मालक परगावी गेले, महिनाभरासाठी. किल्ल्या मुकादमाकडे आहेत.

सध्या सगळा माल देवदाराचाच येतो आहे. खोकी बनवणाऱ्यांची मोठी मागणी आहे. साहजिकच बिनमुळीची कुठेच दिसत नाही. मुकादमाने विचारलं, ती दुसरी कुठे गेली रे? मी म्हणालो, दिसत नाही. एवढंच म्हणालो. का दिसत नाही ते सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात ट्रक आला.

ढोल्याचा हात सुजला आहे. कापलेल्या जागी एक पिवळा थेंब वर आला आहे, टाचणीच्या डोक्याएवढा. तो सगळ्यांना कौतुकाने दाखवत फिरतो, म्हणतो, मला फळ धरलं. भाऊजींनी त्याला दवाखान्यात जा म्हणून सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टर आधी जेवण बंद करेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ढोल्या गेला.

सकाळी तो तापाने फणफणलेला होता. हात दंडापर्यंत काळानिळा. घरी जा म्हटलं तरी ऐकेना. काहीतरी बडबडत होता, की ती आत चरते आहे, मला तिचं चरणं ऐकू येतं. मग चालू आऱ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने हात आत घातला. नुसता हात नाही. खांद्यापर्यंत, सरळ, ओंडका सरकवावा तसा. पात्याचा आवाज बदलला. भाऊजींनी पट्टा उतरवून आरा थांबवेपर्यंत समोरच्या सगळ्या फळ्या लाल झाल्या होत्या. माझ्या चष्म्यावर पण उडालं होतं. मी तो पुसत राहिलो. चारदा पुसला असेन.

तो भुशात पडला आणि भुशाने सगळं रक्त शोषून घेतलं.

कुणीतरी मागून म्हणालं, खाणाऱ्याला खाणारी. हे माझेच शब्द होते. या वेळी कुणी हसलं नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मुकादमाने फाटक आतून बंद केलं आणि कुणी बाहेर जायचं नाही म्हणून बजावलं. ही गोष्ट बाहेर गेली तर वखारीला सील लागेल आणि सगळे रस्त्यावर येतील, असं तो म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. ढोल्याच्या बायकोला पात्याचा अपघात एवढंच कळवलं.

मग त्याने कायदा सांगितला. लाकडांवर बिनमुळीच्या पिवळीला खायला उरलं नाही, म्हणून ती आपल्यावर आली. रोज सकाळी सगळ्यांनी पारख्यापुढे हात धरायचे. पिवळं दिसलं आणि खाली मूळ निघालं, तर ती कुसळावर आलेली साधी मुळीची. कुसळ काढायचं, कामाला लागायचं. मूळ नसलं, तर ती माणसाला खाते आहे. ती दंडात चढण्याआधी हात मनगटातून उडवायचा.

मी म्हणालो, मला माणसांचं काही कळत नाही. मुकादम म्हणाला, चाकू आहे, पाणी आहे, डोळे आहेत, अजून काय पाहिजे? ढोल्यासारखं मरण हवंय का कुणाला? कुणाला नको होतं.

ताई रात्री जेवली नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पहिला हात मुकादमाचाच.

अंगठ्याच्या बुंध्याशी होती. वाटाण्याएवढी, ताजी. जुन्या जखमेवर त्यानेही कधीतरी पिवळी दाबली असणार. मी पाणी लावलं, थांबलो, चाकूच्या टोकाने उचलली. अलगद सुटली. खाली गुलाबी मांस, बाकी काही नाही. पुन्हा पाहिलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, बिनमुळीची.

तो हसला. म्हणाला, चला, कायदा करणाऱ्यापासूनच कायदा सुरू झाला, आता कुणाला तोंड वर करायला जागा नाही. लाकडाच्या ठोकळ्यावर त्याने स्वतःच हात ठेवला. कुऱ्हाड भाऊजींना घ्यायला सांगितली, कारण त्यांचा घाव दोनदा घालावा लागत नाही. भाऊजी मागे सरकले. तेव्हा मुकादमाने त्यांच्या आईवरून अशी शिवी दिली, की त्यांचा हात आपोआप उठला.

एकच घाव. पंजा ठोकळ्यावर राहिला, बोटं एकदा मिटली आणि उघडली. मनगट तापलेल्या डांबरात बुडवलं. तो ओरडला नाही. त्याने दात इतके आवळले की एक तुटला.

भाऊजी घरी येऊन नळाखाली बराच वेळ हात धुत होते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

शिट्टी.

तर्जनी आणि अंगठ्याच्या मध्ये. अलगद सुटली. मूळ नाही. मी तोंड उघडायच्या आतच तो पळाला. ओंडक्यांच्या ढिगावर चढला, ढीग घसरला, पाय अडकला. चौघांनी ओढत आणला. त्याने एकाच्या कानाचा लचका तोडला. त्याबद्दल त्यांनी आधी त्याचं तोंड ठोकळ्यावर आपटलं, ओठ फाटेपर्यंत, आणि मग हात बाहेर ओढला.

तो मला म्हणत होता, पारख्या, परत बघ, अरे तू तर चारदा बघतोस. मी चारदा पाहिलं. चारही वेळा तेच दिसलं.

कुऱ्हाड पुन्हा भाऊजींकडे. तो हलला, म्हणून घाव तिरका बसला. दुसरा घालावा लागला.

ठोकळ्याच्या चिरेत पिवळे थेंब आले आहेत. रोज ओला होतो तो. मुकादम म्हणतो, बघा, प्यायला आली.

शिट्टीचा हात भट्टीत टाकायला माझ्याकडे दिला आहे. पोत्यात आहे. उद्या टाकेन.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

टाकला नाही. भट्टीशी गेलो आणि वाटलं, अजून एकदा पाहावं. आता त्याला दुखणार नव्हतं. चाकूने पिवळीच्या जागी उभा छेद घेतला. खोल.

आत देवदाराचं कुसळ होतं. नखाएवढं लांब, काळं पडलेलं. आणि त्याला धरून पांढरं मूळ. चिवट. तेच.

ओल्या मांसात ते मूळ वरच्या बाजूला मऊ पडतं. मी पिवळी उचलत होतो तेव्हा ती वरून तुटून येत होती आणि मूळ आत राहत होतं. वरून कसं दिसणार?

पण दिसायची गरजच नव्हती. पहिला प्रश्न, लाकूड कोणतं. मी तो विचारलाच नाही. माणसाच्या हाताला लाकूड कोणतं असं कोण विचारतं? महिनाभर वखारीत देवदाराशिवाय दुसरं लाकूड आलेलं नाही. देवदारावर बिनमुळीची येतच नाही. कुणालाच ती खात नव्हती. ढोल्याची जखम चिघळली होती, एवढंच. त्याला इंजेक्शन हवं होतं. बाकीच्यांचं काम सुईचं होतं, कुऱ्हाडीचं नव्हतं.

दोन हात.

हे सांगितलं तर ते मला त्याच ठोकळ्यावर —

हात भट्टीत टाकला.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज भाऊजींच्या तळहाताला.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. कातडीखाली कुसळाची काळी रेघसुद्धा दिसत होती, आता मला ठाऊक आहे कुठे बघायचं ते. पण समोर मुकादम उभा होता, थोटा हात गळ्यात बांधलेला. मागे ओंडक्यावर शिट्टी बसला होता आणि माझ्याकडेच बघत होता. भाऊजी मला डोळ्यांनी धीर देत होते. मला!

मी पाणी लावलं. उचलली. आणि माझं तोंड म्हणालं, बिनमुळीची.

मुकादम म्हणाला, उद्या सकाळी चहानंतर. मी स्वतः घालणार. तुझं माझ्याकडे बाकी आहे, गड्या, असं भाऊजींना म्हणाला. सगळ्यांना कळलं तो काय म्हणतोय. त्याला आता डावाच हात आहे. डाव्या हाताने त्याला कप धरता येत नाही.

ताईला सगळं सांगणार आहे. फक्त तिला. आवाराच्या मागचं कुंपण कुठे मोडलंय ते सकाळी बघून येतो, मग सांगतो, तिघेही निघून जाऊ. जेवताना सांगणार होतो. भाऊजी म्हणाले, पोरा, वाईट वाटून घेऊ नकोस, तू तुझं काम केलंस. मी ताट घेऊन उठलो.

१ डिसेंबर, रविवार

कुंपण मोडकं आहे. भट्टीमागे. माणूस जाईल एवढी फट. धावत आलो.

ताईने केलं होतं.

स्वयंपाकघरात. भाऊजींना तिने पाटावर बसवलं होतं, दंडाला दोरी आवळलेली, दातांत लाटणं. तिच्या हातात छोटी कुऱ्हाड. ओटा, भिंत, तिची साडी. ती मला म्हणाली, त्या मेल्याने डाव्या हाताने मारलं असतं, पहिला कोपरावर बसला असता, दुसरा कुठे कोण जाणे. मी तरी एका घावात केलं. एवढं बोलली आणि तिने कुऱ्हाड ओट्यावर ठेवली.

मी तेव्हा बोललो. का बोललो? आधी नाही बोललो आणि तेव्हा — सगळं. कुसळ, मूळ, शिट्टीचा हात, काल मला माहीत होतं ते.

भाऊजींनी लाटणं तोंडातून काढलं. ताईने खाली पडलेला पंजा उचलला, चुलीपाशी उजेडात नेला, सुईने टोकरला. कुसळ निघालं. तिने ते बोटावर धरून माझ्यासमोर केली. मग ती बाहेर गेली. फाटकाकडे.

नंतर

माडीवर आहे. कडी लावली. कपाट ढकललं. लिहिल्याशिवाय बसवत नाही.

खिडकीतून दिसतात. मुकादम पुढे. शिट्टी. आणि ते चौघे. ताई त्यांच्याशी बोलते आहे. कुणी आरडाओरडा करत नाही. तेच वाईट.

नंतर

ताई दारापाशी. लहानपणी हाक मारायची तशी हाक मारते. म्हणते, बाळा, बाहेर ये, मी त्यांच्याशी बोलले आहे. जीव घेणार नाहीत. शपथ घातली आहे मी. फक्त हात. दोन्ही.

मी म्हणालो, ताई, माझ्या हाताला काही नाही. पाणी लावून पाहिलं. चारदा. एक ओरखडासुद्धा नाही —

ती म्हणाली, ह्यांच्याही नव्हतं.

मग तिची पावलं लांब गेली. जिन्यावर दुसरी —

दार जाड आहे. देवदाराचं. टिकेल. दिवसभर टिकलं तर कुणीतरी — ट्रक येतो सोमवारी —

खालच्या फळीला ओल आहे. कपाटाच्या मागे. पिवळं काहीतरी. एक, दोन, ओळच आहे —

चाकूने उचललं. लाकूड देवदार. खाली मूळ, पांढरं, चिवट, आत रुतलेलं. या वेळी चूक नाही. चाकू मुठीपर्यंत आत गेला, जोर न लावता. सगळी फळी भुसभुशीत —

घातला पहिला घाव. कुऱ्हाडीचं टोक आतून दिस